काकांची पुंगळी

गावच्या शाळेनं प्रदर्शनात आमच्या थोरल्या काकांची तोफेची पितळी पुंगळी मांडली आणि खाली चिठ्ठी लावली : ‘१९६२च्या युद्धात चिनी सैन्याकडून हस्तगत’. आठवलं की अजून डोकं फिरतं.

काका ६२ला सीमेवर नव्हतेच. ते गेले होते कोरियात, १९५३ साली, मेजर जनरल थोरातांच्या दलात. मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांवर चिनी आणि कोरियन युद्धकैदी या दलानं सांभाळायचे होते. तिथले अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीयांना दक्षिण कोरियाच्या मातीवर पाऊल ठेवू देईनात. म्हणून समुद्रावरून हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. कैदी दगड मारायचे, शिव्या घालायचे; होता होईतो गोळी चालवायची नाही, असा हुकूम. काका हे सांगायला लागले की लोक विचारायचे, “मग मारले किती?” काका गप्प व्हायचे.

शेवटी मीच पुंगळी उपडी केली. बुडाला ठसा : ‘१०५ एमएम एम१४’, लॉट नंबर, साल. म्हणजे अमेरिकन हॉवित्झरची. अशी कुणाकडे असेल तर आधी बूड पाहा. मधल्या प्रायमरवर ठोका पडलेला नसेल तर हात न लावता पोलिसांना कळवा. आणि चिंच लावून घासू नका, बारीक अक्षरं झिजतात. आमच्या पुंगळीच्या अंगावर पाईनचं झाड, करकोचे, चिनी अक्षरं. पण खालच्या ओळीत चक्क वाटोळी वर्तुळं. ती चिनीत नसतात, कोरियन लिपीत असतात. कोरियात तेव्हा छापील मजकुरातही दोन्ही लिप्या शेजारी नांदत. लढाईनंतर पडलेल्या पितळेवर नक्षी कोरून तिथले कारागीर परदेशी शिपायांना विकायचे. आमची कुणा अमेरिकनाकडून रमच्या बाटलीवर मिळालेली, असं काकू सांगतात.

खरं सांगतो, तो अमेरिकन ठसा दिसला तेव्हा मीही जरा हिरमुसलोच.

मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अहो, पण अक्षरं चिनी आहेत ना? कोरियाचं कोण विचारतंय?” मी नवी चिठ्ठी लिहून दिली. ती दहा ओळींची झाली. “एवढं पोरं वाचणार नाहीत,” म्हणाले. वाचणार नाहीत, हेही खरंच. तरी मी एक ओळ कमी केली नाही.