उपजत

शाळेत ‘उपजत’ हा शब्द शिकवताना मी उपजत बुद्धीचे उदाहरण देतो, नाहीतर उपजत गोड गळ्याचे. सरकारी दप्तरात मात्र हाच शब्द मृत्यूला जोडलेला असतो. २८ आठवडे पोटात वाढून जे मूल श्वास न घेताच जगात येते, त्याची नोंद होते ‘उपजत मृत्यू’ म्हणून.

घरात अशा मुलाला नावच नसते. २०११च्या जनगणनेसाठी मी धुळ्यात दारोदार हिंडलो. मुले किती झाली, असे विचारताच एक बाई ‘तीन’ म्हणाली. मग सासूकडे पाहून ‘दोन’ म्हणाली.

माझ्याआधी माझ्या मायलाही असाच मुलगा झाला होता, १९७८ साली, यावल तालुक्यातल्या आमच्या खेड्यात. तिचे पाय सुजले, डोके ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरच्यांनी आधी ग्रहणाला दोष दिला, मग तिच्या पायगुणाला. ही लक्षणे वाढलेल्या रक्तदाबाची, असे पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले. दंडाला पट्टा बांधला की दोन मिनिटांत तो कळतो!

खरी कारणे अनेक आहेत. रक्तदाब, मधुमेह, हिवताप, उपदंश, वार वेळेआधी सुटणे, बाळंतीण अडणे. अंगात रक्त कमी असणे. सातपुड्याच्या पाड्यांवर त्यात सिकलसेलची भर. कधी सारे नीट होऊनही कारण सापडत नाही. पण पुष्कळदा घात करतो तो उशीर : घरात निर्णय घ्यायला, वाहन मिळायला, दवाखान्यात उपचार सुरू व्हायला.

२०१९ साली भारतात अशी सुमारे ३ लाख ४० हजार बाळे जन्मली. दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नाहीत. जगभरातल्या अशा मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक कळा सुरू झाल्यावर होतात. म्हणजे कळा सुरू झाल्या तेव्हा ती बाळे जिवंत होती. २०३०पर्यंत हे प्रमाण हजारी दहाच्या आत आणायचे, असे देशाने २०१४मध्ये ठरवले आहे.

दिवाळीला लेकी माहेरी येतात. पोटुशी लेक आली, तर फराळाचे ताट पुढे करताना दोन गोष्टी विचाराव्यात : रक्तदाब मोजलास का? बाळ नेहमीसारखे हालते ना? हालचाल मंदावली असेल, तर भाऊबीज होऊ द्या असे म्हणू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि एखादी रिकाम्या ओटीने आली असेल, तर तिचा पायगुण काढू नये. तिच्या बाळाविषयी तिला बोलू द्यावे. माझ्या मायला तसे कुणी बोलू दिले नाही.