पुढची सीट रिकामी

टायगर मॉथ या शिकाऊ विमानाचा जुना फोटो हाती आला की मी आधी डोकी मोजतो. उघड्या कॉकपिटांतून दोन डोकी वर आलेली दिसली, तर धडा चालू आहे. एकच दिसलं, तर ते पुढच्या कॉकपिटात आहे की मागच्या, हे बघायचं. या विमानात शिकवणारा पुढे बसायचा आणि शिकणारा मागे. एकट्याने उडवायचं झालं तरी मागच्याच सीटवरून. म्हणून पुढची सीट रिकामी आणि मागे एकच डोकं, असा फोटो असला की तो सोलोचा. त्यात गंमत अशी, की समोरचं वजन उतरल्यामुळे विमान नेहमीपेक्षा आधीच जमीन सोडतं. कालपर्यंत जिथे मास्तरांचं शिरस्त्राण दिसत होतं तिथे आता नुसतं भोक, आणि 'आता उचलेन' असं म्हणेपर्यंत चाकं हवेत.

विमानांच्या पुस्तकांत अशा फोटोंना फारशी जागा मिळत नाही. स्पिटफायर, हरिकेन, मस्टँग यांच्यावर भाराभर पुस्तकं, त्यांच्या वैमानिकांची चरित्रं, चित्रपट. शिकाऊ विमानं शेवटच्या प्रकरणात, वर्गमित्रांच्या यादीत मागे राहिलेल्या मुलांसारखी उरकलेली. मला मात्र लढाऊ विमानापेक्षा शिकाऊ विमान जास्त गुंतवून ठेवतं. लढाऊ विमानाचा आकार वेगातून आणि तोफांतून ठरतो. शिकाऊ विमानाचा आकार दोन माणसांच्या नात्यातून ठरतो, आणि ते नातं फोटोत डोळ्यांनी दिसतं.

टायगर मॉथचेच पंख बघा. वरचा पंख थोडा पुढे सरकवलेला आणि दोन्ही बाजूंना मागे झुकलेला आहे. देखणेपणासाठी कुणी हे केलेलं नाही. डी हॅविलंड कंपनीच्या आधीच्या मॉथमध्ये पुढच्या सीटच्या बरोबर डोक्यावर पंख आणि पेट्रोलची टाकी यायची. प्रसंग आलाच तर पॅराशूट बांधलेला प्रशिक्षक त्यातून बाहेर पडणार कसा? म्हणून पंखाचा मधला भाग पुढे नेला, आणि त्यामुळे बिघडलेला तोल सांभाळायला पंख मागे झुकवले. मास्तरांना सुटायला वाट हवी, एवढ्यावरून विमानाची आख्खी ठेवण ठरली. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी ते पहिल्यांदा उडालं, आणि पुढे आठ हजारांहून जास्त बनली.

१३० अश्वशक्तीचं इंजिन, लाकूड आणि धातूच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, त्यावर डोप नावाच्या रोगणाचे हात. ब्रेक नाहीत. शेपटीखाली चाकाऐवजी जमिनीवर घासत जाणारी पट्टी. इंजिन चालू करायला एकाने समोर उभं राहून हाताने पंखा फिरवायचा. फोटोत मागच्या कॉकपिटच्या पाठीशी दुमडलेलं कापडी टप दिसतं. पाऊस आला तर ओढून घ्यायचं असेल, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण ते शिकणाऱ्याला कोंडण्यासाठी होतं. टप डोक्यावर ओढलं की बाहेरचं काहीच दिसायचं नाही, आणि समोरच्या घड्याळांवर भरवसा ठेवून विमान सरळ न्यायचं. आत पोराचा जीव घाबराघुबरा, पुढे मोकळ्या हवेत मास्तर आजूबाजूचं आकाश बघताहेत.

दोघांचं बोलणं व्हायचं ते रबरी नळीतून. तोंडाशी धरायचं नरसाळं, दुसरं टोक समोरच्याच्या कानाशी. तिला गॉस्पोर्ट ट्यूब म्हणत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉस्पोर्टला १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने विमान शिकवण्याची रीतच बदलली, त्या शाळेची ही नळी. त्याच्याआधी बरेच प्रशिक्षक विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवत. स्पिन म्हणजे मृत्यू, तिकडे जायचंच नाही. स्मिथ-बॅरीने उलटं सांगितलं: विद्यार्थ्याला मुद्दाम स्पिनमध्ये न्या, विमान असं का गरगरतं ते समजावा, आणि त्याच्याच हातांनी त्याला बाहेर काढायला लावा. आजही जगभर विमान शिकवलं जातं ते मुळात याच रीतीने.

टायगर मॉथची ख्याती अशी, की ते उडवायला सोपं आणि नीट उडवायला अवघड. मला वाटतं, शिकाऊ विमानाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. फार गरीब विमान शिकणाऱ्याच्या चुका पोटात घालतं आणि त्याला वाटतं, आपल्याला येतंय. टायगर मॉथ चूक झाकत नाही. वळताना पायाने चालवायचा रडर कमी पडला तर विमान बाजूला घसरतं आणि उघड्या कॉकपिटात वारा एका गालावर लागतो. आपला पाय चुकला हे गालाला कळतं. मात्र त्या चुकीसाठी जीव घेत नाही, बहुतेकदा.

फोटोंच्या बाबतीत एक फसगत सांगायला हवी. शिकाऊ विमानं पिवळी असत, लांबून दिसावीत आणि इतरांनी जपून राहावं म्हणून. पण जुन्या कृष्णधवल फोटोंत त्यांतली कित्येक जवळजवळ काळी दिसतात. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश दिसतच नसे, त्यामुळे पिवळं गडद यायचं आणि निळं फिकट. आपल्याला वाटतं, काळोखी, गंभीर, युद्धाच्या सावलीतली विमानं. प्रत्यक्षात ती हळदीच्या कार्यातून उठून आल्यासारखी असायची. फोटोत बर्फ आहे आणि टायगर मॉथवर काचेचं छप्पर आहे, तर ते कॅनडाचं. तिथल्या थंडीत उघड्यावर बसणं शक्य नव्हतं, म्हणून कॅनडाने छप्पर दिलं, वर ब्रेक आणि शेपटीला चाकही. ब्रिटनमधल्या हजारो टायगर मॉथ तर मोटारी बनवणाऱ्या मॉरिस कंपनीने काउलीच्या कारखान्यात जुळवल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातली मुलं टायगर मॉथवर शिकली ती बेगमपेठ आणि जोधपूरला. पुढचा वर्ग हार्वर्डचा. अमेरिकी, सगळं धातूचं, ६०० अश्वशक्तीचं, आणि आवाज असा की तोच लोकांच्या लक्षात राहिला. त्या कर्कशपणाचं कारण इंजिनापेक्षा पंख्यात आहे. पंख्याची टोकं फिरता फिरता ध्वनीच्या वेगाजवळ पोचतात आणि हवा फाडतात. उतरल्यावर जरा बेसावध राहिलं तर हार्वर्ड धावपट्टीवरच गिरकी घेऊन उलट्या दिशेला तोंड करी. टायगर मॉथने जे शिकवलं ते खरंच शिकलात का, हे हार्वर्ड तपासून घेई.

आता आपल्याकडच्या इतिहासातली एक जागा, जिच्याजवळ मी दर वेळी थांबतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. युद्ध दाराशी आलेलं. अशा कारखान्यातून पहिलं बाहेर पडणारं विमान कुठलं असावं? बॉम्बफेकी नाही, लढाऊ नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे जुळवून उडालं ते हार्लो पीसी-५, शिकाऊ विमान. त्याचा उगम तर आणखी मजेशीर. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना ज्युनियर कॉलेजात मॅक्स हार्लो नावाचे शिक्षक होते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन वर्गाचा उपक्रम म्हणून एक विमान बनवलं, त्याच घराण्यातलं हे. विद्यार्थ्यांच्या हातचं विमान, विद्यार्थ्यांना शिकवायला, आणि तेच आपल्या विमान उद्योगाचं पहिलं पाऊल. पुढे सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि वालचंद बाजूला झाले. ती निराळी कथा, आणि फारशी गोड नाही.

दहा वर्षांनी पुन्हा तसंच घडलं. भारतात आखलेलं आणि कारखान्यातून रीतसर बनू लागलेलं पहिलं इंजिनाचं विमान म्हणजे एचटी-टू, हिंदुस्थान ट्रेनर. तेही शिकाऊच. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्याचे शिल्पकार विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८ चा, कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. वाहती हवा पृष्ठभागाला लागून कशी वागते हे जगाला ज्यांनी समजावलं, ते हे प्रांटल. घाटगे परत आले, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागले आणि कारखान्यात विमानं आखू लागले. युद्धकाळात त्यांनी सैनिक वाहून नेणारं ग्लायडर केलं होतं. जो माणूस आयुष्यभर शिकवत होता त्याने देशाचं पहिलं विमान शिकवण्यासाठी आखावं, हे मला फार जुळून आल्यासारखं वाटतं.

एचटी-टूच्या फोटोत चमकदार असं काही नाही. खालून जोडलेला पंख, न मिटणारी चाकं, एकामागे एक दोन सीटवर काचेचं झाकण, १५५ अश्वशक्तीचं इंजिन. कॅनडाच्या चिपमंकची आठवण करून देणारा तोंडवळा. पण १७२ बनली, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत आपल्या हवाई दलातले वैमानिक पहिल्यांदा जमीन सोडताना यांतच बसले. घानाने १९५९ मध्ये भारतीय आणि इस्रायली अधिकाऱ्यांच्या मदतीने आपलं हवाई दल उभारलं, तेव्हा एचटी-टू तिकडेही गेली.

घाटग्यांचं दुसरं मोठं शिकाऊ विमान किरण. जेटचं. ४ सप्टेंबर १९६४ ला उडालं. यात दोन्ही सीट शेजारी शेजारी. एकामागे एक बसलं की मागच्याला पुढच्याचं मानेपासून वरचं डोकंच दिसतं. शेजारी बसलं की घट्ट धरलेली स्टिक, दाबलेला जबडा, थरथरणारा गुडघा सगळं दिसतं. समोरून काढलेल्या किरणच्या फोटोत दोन सारखी शिरस्त्राणं, दोन सारख्या काळ्या काचा. गुरू कोण नि शिष्य कोण, ओळखून दाखवा. बीदरहून याच किरणवर सूर्यकिरण पथकाने १९९६ पासून कसरती केल्या. मराठवाड्याच्या त्या कडेला राहणाऱ्यांना तो आवाज आठवेल.

सगळीच शिकाऊ विमानं मायाळू निघाली असं मात्र नाही. एचटी-टूच्या जागी आलेलं दीपक बघायला नीटनेटकं आहे. त्याचं इंजिन हवेत बंद पडायचं. इंजिन बंद पडल्यावर तरंगत यायची त्याची ताकद तोकडी. १७ अपघात, १९ वैमानिकांचा मृत्यू. जुलै २००९ मध्ये दोन प्रशिक्षक गेले आणि मग ते कायमचं जमिनीवर बसवलं. लढाईत माणूस गेला तर त्याच्या नावाचा दगड उभा राहतो, सरावात गेला तर चौकशी समिती बसते. दीपकचे फोटो मी चाळतो तेव्हा घाईने चाळतो.

शिकाऊ विमानांचे सर्वात जास्त फोटो विमानांचे नसतातच. ते असतात तुकड्यांचे. तीन रांगा, मधल्या खुर्च्यांवर प्रशिक्षक, मागे बाकावर उभी पोरं, आणि त्यांच्याही मागे विमान, नाक किंवा शेपूट कापलं गेलेलं. खाली माणसांची नावं. विमानाला नाव नाही. शेपटीजवळ रंगवलेला क्रमांक असतो, तोही कुणाच्या तरी खांद्याआड अर्धा. हौशी मंडळी भिंग घेऊन तेवढा क्रमांक शोधतात, आणि तो मिळाला की त्याच्या मागे लागतात: कुठे बनलं, कुठल्या शाळेत गेलं, कधी पंख मोडला, कुणाचा पंख लावून परत उभं केलं. अशा शोधातून कळतं की बऱ्याच टायगर मॉथ एकीचं धड आणि दुसरीचे पंख अशा आहेत. विमानाचं चरित्र लिहायला घेतलं तर ते कुणाचं, हाच प्रश्न पडतो. युद्ध संपल्यावर त्या स्वस्तात विकल्या गेल्या. न्यूझीलंडमध्ये त्यांच्या पुढच्या सीटच्या जागी पेटी बसवून डोंगरउतारावरच्या कुरणांवर खत फवारलं गेलं. मास्तरांच्या जागी खताची पेटी! पुढच्या सीटवर बसून ओरडलेल्या कुणा प्रशिक्षकाने ते पाहिलं असेल, तर त्याला काय वाटलं असेल, देव जाणे.

आपल्या हवाई दलाने एक टायगर मॉथ आणि एक हार्वर्ड इंग्लंडमध्ये दुरुस्त करवून पुन्हा उडती केली. हवाई दलाला ८० वर्षं झाली त्या २०१२ मध्ये हिंडनच्या हवाई तळावरच्या संचलनात टायगर मॉथ उडाली. तिथे तिचा फोटो काढणं हे सुखोईचा फोटो काढण्यापेक्षा कठीण. जेटला शटर हवं तेवढं वेगवान चालतं, एक हजारांश सेकंद लावा नि मोकळे व्हा. पंख्याच्या विमानाला तसं केलंत तर पंखा जागच्या जागी गोठतो आणि विमान आकाशात बंद पडल्यासारखं दिसतं. पंख्याचं फिरतं वर्तुळ हवं असेल तर शटर शंभरांशाच्या आसपास आणावं लागतं. तेवढ्या वेळात हात जरा जरी हलला तरी चित्र पुसट. मग कॅमेरा विमानाच्या वेगाने, विमानाच्या रेषेत, कंबरेतून वळवत न्यायचा आणि वळतानाच बटण दाबायचं. पहिले पंधरा-वीस फोटो वाया जातात. कुणाचं शेपूट कापलं जातं, कुणाचं नाक.