दूध-भाकरीच्या पलीकडे : कुत्र्याचा आहार कसा निवडावा?



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण सगळ्यांनीच तपासलेला आहे. वर्गातली निम्मी मुलं तरी कुत्र्यावर लिहितात आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, 'त्याला दूध, पोळी आणि बिस्किटे खूप आवडतात.' वाक्य शुद्ध असतं. आपण बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. पण घरात खरोखरचं पिल्लू आलं की याच वाक्यातून एक प्रश्न उभा राहतो. त्याला जे आवडतं आणि त्याला जे लागतं, ते एकच असतं का?

आमच्या घरी खंड्या आला तेव्हा या प्रश्नाचं उत्तर आम्हाला शोधावं लागलं, आणि तेही लवकर. तो अनुभव आणि त्या निमित्ताने मिळालेली माहिती आज मांडते आहे. कुत्रा पाळणाऱ्या घरांना ती उपयोगी पडेल आणि वर्गातही वापरता येईल.

खंड्या आला तेव्हा

खंड्या गावठी आहे. गावाबाहेर झोपडी करून राहिलेलं एक कुटुंब काम संपल्यावर निघून गेलं आणि पिल्लू मागे राहिलं. माझ्या मुलाने ते उचलून आणलं. तेव्हा ते तीन महिन्यांचं असावं. पोट फुगलेलं, बरगड्या मोजता येतील अशा, आणि पुढचे दोन्ही पाय कमानीसारखे वाकलेले. पायऱ्या चढताना ते अर्ध्यात बसायचं.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले. म्हणाले, "मॅडम, लहान मुलांना मुडदूस होतो ना, तसला प्रकार आहे. नुसता भात नि भाकरीचे तुकडे खाऊन वाढलंय हे. जंताचं औषध देतो. पण खरं औषध म्हणजे खाणं. वाढीचं वय आहे, हे चार-सहा महिने गेले की हाडं आहेत तशीच पक्की होतील."

म्हणजे वेळ थोडा होता. आणि आमच्या घरात एक अडचण होती. माझे सासरे, आप्पा, माळकरी आहेत. चाळीस वर्षं पंढरीची वारी चुकलेली नाही. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही.

कुत्रा म्हणजे लहान लांडगा नव्हे

डॉक्टरांनी सांगितलं आणि मी वाचत गेले. कुत्र्याचे पूर्वज लांडगे, म्हणून त्याला फक्त मांसच हवं, असं काही जण ठामपणे सांगतात. ते पूर्ण खरं नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर बनवण्याची सूचना देणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या 4 पासून 30 पर्यंत सापडल्या. माणसाच्या सोबतीने राहता राहता कुत्रा धान्य पचवायला शिकला, असा याचा साधा अर्थ.

म्हणजे भाकरी हे कुत्र्यासाठी विष नाही. आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावरची कुत्री भाकरीवरच राखणीला उभी असतात. पण ती दिवसभर मेंढरांमागे चालतात आणि रानात मिळेल ते इतरही खातात. आपल्या अंगणात बांधलेल्या कुत्र्याला आपण देऊ तेवढंच मिळतं. म्हणून आपण काय देतो, याची जबाबदारी जास्त.

नुसत्या भात-भाकरीत प्रथिनं कमी पडतात आणि कॅल्शियम तर फारच कमी. नुसतं मांस दिलं तरी कॅल्शियमची तीच गत, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या निदान बरोबरीने किंवा त्याहून थोडं जास्त लागतं. हे गणित बिघडलं की शरीर हाडांमधून कॅल्शियम काढून घेतं. खंड्याच्या पायांचं तेच झालं होतं.

आप्पांचा निर्णय

डॉक्टरांनी दोन मार्ग दिले. एक, पिल्लांसाठीचं पाकीटबंद पूर्ण खाद्य. दुसरा, घरी शिजवलेलं अन्न. पण त्यात अंडी किंवा चिकन आणि त्यांनी मोजून दिलेली कॅल्शियमची पावडर. शाकाहारी आहाराबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, "मोठ्या निरोगी कुत्र्याला नीट आखणी करून शाकाहारी आहार देता येतो. मांजराला नाही जमत. पण या पिल्लावर आत्ता प्रयोग नको."

घरी चर्चा झाली. माझ्या यजमानांनी तोडगा काढला, "पाकीट आणू या. त्यात काय आहे ते कुणाला दिसतंय!" तेवढ्यात मुलाने दवाखान्यातून मिळालेलं नमुन्याचं पाकीट उलटं करून घटक मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसराच शब्द 'चिकन' होता. सगळे गप्प झाले.

आप्पा म्हणाले, "पाकिटात झाकलं म्हणून ते बदलतं होय रे? खोटं कशाला बोलायचं स्वतःशी?" मग जरा थांबून म्हणाले, "माळ माझ्या गळ्यात आहे, त्याच्या नाही. मी व्रत घेतलं ते माझ्यासाठी. देवाने त्याला सुळे दिलेत. त्याचे पाय वाकडे ठेवून माझं पुण्य काय वाढणार?"

त्यांनी अट एकच घातली. स्वयंपाकघरात काही येणार नाही. परसात पत्र्याखाली जुना स्टोव्ह मांडला, एक पातेलं आणि एक वाटी वेगळी केली. पहिलं वर्षभर पिल्लांचं पूर्ण खाद्य आणि त्यासोबत उकडलेलं अंडं, असं ठरलं. पूर्ण खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, म्हणून पावडर वेगळी द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जास्त झालेलं कॅल्शियमही वाढत्या हाडांना त्रास देतं.

मला त्या दिवशी जे उमगलं ते एवढंच. चांगला आहार कोणता, हे आपल्या आवडीवरून, आपल्या व्रतावरून किंवा पाकिटाच्या किमतीवरून ठरत नाही. तो खाणाऱ्याकडे बघून ठरवायचा असतो.

पाकीट घेताना काय वाचावं?

1) 'कम्प्लीट' म्हणजे पूर्ण आहार आणि 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणजे पूरक, हा फरक आधी बघा. पूरक खाद्यावर कुत्रा वाढवता येत नाही.

2) खाद्य कोणत्या वयासाठी आहे ते बघा. अमेरिकेतल्या 'आफ्को' या संस्थेच्या निकषांनुसार, पाण्याचा अंश वगळून, मोठ्या कुत्र्याच्या खाद्यात किमान 18 टक्के आणि वाढत्या पिल्लाच्या खाद्यात किमान 22.5 टक्के प्रथिनं हवीत.

3) घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिली चार-पाच नावं वाचली की अंदाज येतो.

4) 'धान्यविरहित' म्हणजे आपोआप चांगलं, असं समजू नका. अशा काही खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध असू शकतो का, याची तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली जाहीर केली होती.

5) खाद्य बदलताना सात ते दहा दिवस घ्या. जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत जा. एकदम बदललं की जुलाब होतात.

आणि घरचं अन्न?

घरचं अन्न ताजं असतं, पण ताजं म्हणजे पूर्ण नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 मध्ये कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या. त्यातल्या 95 टक्के कृतींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. त्यामुळे घरचंच द्यायचं असेल तर ते जरूर द्या, पण प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट उरलेल्या अन्नाची. आपल्या आमटीत, रश्श्यात कांदा-लसूण असतोच. या दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून 'रस्सा उरलाय, घाल कुत्र्याला' हे थांबवायला हवं. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणेही धोक्याचे. तासगाव आणि नाशिककडच्या शिक्षकांनी हे मुलांना आवर्जून सांगावं, कारण तिथे घरोघरी बेदाणे असतात. द्राक्ष-बेदाण्यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉलही घातक. शिजवलेली हाडं अणकुचीदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

दुधाबद्दल बरेच पालक विचारतात. मोठं झाल्यावर बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. दूध पिऊन पोट बिघडत असेल तर बंद करा. थोडं ताक किंवा दही बहुतेकांना चालतं. 'कुत्र्याला तूप पचत नाही' असं जुनी माणसं म्हणतात. त्यातही तथ्य आहे. एकदम खूप स्निग्ध खाल्लं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

चार बिस्किटांचं गणित

खंड्या आता तीन वर्षांचा आहे. नसबंदी झालेली आहे आणि वजन 16 किलो आहे. त्याला दिवसाला किती अन्न लागतं, हे काढायला एक सोपी रीत आहे. वजनाला 30 ने गुणा आणि त्यात 70 मिळवा.

16 × 30 = 480, अधिक 70, म्हणजे 550. नुसतं पडून राहायला एवढे उष्मांक लागतात. नसबंदी झालेल्या, साधारण हालचाल करणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी याला 1.6 ने गुणायचं. उत्तर 880. हा अंदाज आहे. पुढे वजन बघून कमी-जास्त करायचं. खाऊ म्हणून दिलेलं सगळं मिळून यातल्या दहा टक्क्यांच्या आत असावं, म्हणजे 88. एका लहान ग्लुकोज बिस्किटात साधारण 20 उष्मांक असतात. झाली की नाही चार बिस्किटांत मर्यादा पूर्ण?

आमच्या घरात चार माणसं. प्रत्येकाने 'एकच तर देतोय' म्हणून दोन-दोन दिली की आठ होतात. म्हणून दिवसाची चार बिस्किटं सकाळीच एका डबीत काढून ठेवायची, असा नियम आप्पांनीच केला. डबी संपली की खाऊ संपला. मुलगा कुरकुरला. म्हणाला, "आजोबा, तो बघतोय ना माझ्याकडे!" आप्पा म्हणाले, "बघू दे. बघणं म्हणजे भूक नव्हे. तुला चौथा लाडू मागितल्यावर आई देते का?"

हा नियम कठोर वाटेल, पण त्याला आधार आहे. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर एक अभ्यास चालला. त्याचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. जोडीदार कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न मिळालेली कुत्री सुमारे 1.8 वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. कुत्र्याचं आयुष्यच बारा-तेरा वर्षांचं. त्यात पावणेदोन वर्षं म्हणजे केवढी! अर्थात याचा अर्थ कुत्र्याला उपाशी ठेवा असा नाही. गरजेपुरतं मोजून द्या, एवढाच.

मुलांसाठी एक उपक्रम

कुत्रा जाड आहे की बारीक, हे मुलांना हातानेच ओळखता येतं. आधी आपल्या मुठीच्या उंच हाडांवरून बोट फिरवायला सांगा. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर तो फार बारीक. मग हात उघडून तळव्याचा मांसल भाग दाबायला सांगा. बरगड्या तशा, दाबूनही न सापडणाऱ्या असतील तर तो जाड. आणि उघड्या हाताच्या मागच्या बाजूला, हलकेच स्पर्श करून कळतात तशा लागल्या, तर वजन योग्य. वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी, हेही सांगा. स्वतःच्या ओळखीच्या, लसीकरण झालेल्या कुत्र्यावरच आणि मोठ्यांच्या समोर हे करावं.

वजनासाठी वेगळा काटा लागत नाही. आधी बाबांनी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने. मोठ्या संख्येतून लहान वजा करायची. माझा मुलगा दर महिन्याच्या एक तारखेला वहीत ही वजाबाकी करतो. आप्पा चष्मा लावून ती तपासतात आणि वाटीत किती घालायचं ते ठरवतात.

खंड्याचे पाय पूर्ण सरळ झाले नाहीत. डाव्या पायाला अजून थोडा बाक आहे. पण सकाळी आप्पांचा हरिपाठ संपला की तो पायऱ्या एका दमात चढून ओसरीवर येतो आणि वाटीशेजारी बसून राहतो. वाटीत आज एक अंडं, मापाचं खाद्य आणि थोडा शिजवलेला भोपळा असतो. शेजारी स्वच्छ पाणी. त्याला बिस्किटं अजूनही जास्त आवडतात, पण ती डबीत चारच असतात.