उटकमंडच्या शर्यती

रायपूरच्या वैशाखात आम्हांस हटकून उटकमंड आठवते. कुन्नूरास नेमणूक असता सुटीच्या दिवशी आम्ही सहकुटुंब तेथील घोड्यांच्या शर्यतींस जात असू. मैदान बसस्थानकाजवळच. पैज लावणे आमच्या पगारास मानवणारे नव्हते. पण धुके उतरले, की घोडे दिसेनासे होत आणि नुसत्या टापा ऐकू येत, ते सुख फुकटचे! जून २०२४ मध्ये तमिळनाडू शासनाने ती सुमारे ५२ एकर जमीन ताब्यात घेतली. भाडेपट्टा १९७८ सालीच संपला होता, भाडेही थकलेले. असल्या फायलींवर आम्हीच टिपणे लिहितो; निर्णयास नाव कसे ठेवावे? थोरला मात्र टापांचा आवाज तोंडाने काढून धाकटीला ऐकवतो. तिचा जन्म रायपूरचा.