पट्टा कुणाला, चकरा कुणाला?

जरीपटक्यातून जाताना आपल्याला दुकानं दिसतात, पापड दिसतात, दाल-पकवान दिसतं. कागद दिसत नाही.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून सगळं सोडून माणसं इथं आली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी. देश नवा, माणसंही नवीच. राहायला जमीन मिळाली, पण अनेकांची कागदपत्रं अर्धवट राहिली. एका आजोबांनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीतले पिवळे पडलेले कागद दाखवले. म्हणाले, "बेटा, देस तो मिल गया, पट्टा नहीं मिला."

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सिंधी विस्थापितांच्या जमिनी नियमित करायला मंजुरी दिली. ७८ वर्षांनी! बरोबरच झालं.

पण गिरणीत, बांधकामावर राबायला छत्तीसगड-बालाघाटातून आलेल्यांचं काय? १८७७ ची एम्प्रेस मिल गेली, भोंगा गेला. झोपडपट्टीतली त्यांची नातवंडं अजून पट्ट्यासाठी चकरा मारतात. ते निर्वासित नाहीत, म्हणून त्यांची गरज कमी होते का?

'बाहेरचे' म्हणण्याआधी आपला आजा कुठून आला ते आठवा राजेहो. माझा भंडाऱ्याहून आला होता, कामच शोधत.

तुमच्या वस्तीत पट्टा अडला असेल तर कागद घेऊन या. बातमी मी करतो.