आकडा कोण काढतो? पावसाच्या पैजेपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

१/
आमच्या गोंदिया जिल्ह्यात धान विकल्यावर खात्यात जे पैसे येतात त्यांना ‘चुकारा’ म्हणतात. २०२४च्या जानेवारीत आमगाव तालुक्यातील माझ्या काकांचा चुकारा आला आणि आठवड्याच्या आत त्यातले ४६,००० रुपये नाहीसे झाले. माझ्या एकोणीस वर्षांच्या चुलत भावाने ते मोबाइलवरील एका ‘रंग ओळखा’ छापाच्या ॲपमध्ये घालवले होते. हा थ्रेड त्या पैशांविषयी आहे, एका जुन्या कायद्याविषयी आहे आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीही आहे.

२/
घरातली पहिली प्रतिक्रिया कोणत्याही घरात उमटेल तीच होती. “या गेमनं पोराले बिघडवलं.” आजी, काकू, शेजारचे निवृत्त गुरुजी, सर्वांचे यावर एकमत झाले. मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी, म्हणून माझे मत मागण्यात आले. मीही मान डोलावली. वसतिगृहात असताना पबजी खेळत मी कित्येक रात्री जागवल्या होत्या. त्यामुळे माझा निवाडा मला अनुभवसिद्धच वाटला. भावाचा मोबाइल काढून घेऊन कपाटात कुलूपबंद करण्यात आला. तो अकरा दिवस तिथेच होता.

३/
बाराव्या दिवशी काका मला म्हणाले, “गेमचं तं समजलं. पण पैसे गेले कोणाकडे, येवढं तं सांग.” मला सांगता आले नाही. मोबाइल बाहेर काढून आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडून विचारण्यात आले, “पैसे केव्हा गेले?” अशा तक्रारींत पहिले काही तास निर्णायक असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वीच ती गोठवता येते. ते तास आणि त्यानंतरचे अकरा दिवस आम्ही गेमच्या दुष्परिणामांची चर्चा करण्यात घालवले होते. तक्रार नोंदवली गेली. पैसे परत आले नाहीत.

४/
‘पैसे कोणाकडे गेले’ हा प्रश्न घेऊन मी माझ्या विषयाकडे वळलो. महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा जो मूळ कायदा आजही लागू आहे, तो १८८७चा आहे. वर्तमानपत्रात ‘जुगार अड्ड्यावर धाड’ अशी बातमी येते तेव्हा गुन्हा बहुधा याच कायद्याखाली दाखल झालेला असतो. त्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या दिली आहे. पुढे होत गेलेल्या दुरुस्त्यांमुळे ती व्याख्या उत्खननातील मातीच्या थरांसारखी झाली आहे. एकेक पोटकलम म्हणजे एकेका काळातील जुगाराचा अवशेष.

५/
एक थर पावसाचा आहे. पाऊस पडेल की नाही, किती पडेल, आणि त्या मापाच्या आकड्यातील अंक कोणते येतील, यांवरील पैजांचा या व्याख्येत स्पष्ट उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-कोलकात्याच्या बाजारपेठांत पावसाचा सट्टा जोरात चाले. बंगालमध्ये त्यावर १८९७ मध्ये कायद्याने बंदी आली. पण या जुगारातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाऊस सर्वांच्याच डोक्यावर पडे. निकाल कोणाच्याही मुठीत नव्हता.

६/
दुसरा थर कापसाचा. कापूस, सोने-चांदी यांचा बाजारभाव आणि तो भाव दर्शविणाऱ्या संख्येतील अंक, यांवरील जुगारही त्याच व्याख्येत येतो. ‘संख्येतील अंक’ ही शब्दयोजना बारकाईने वाचावी. १८७० मध्ये मुंबई समुद्रतळाच्या तारेने लंडनशी जोडली गेली आणि दूरदेशीचे भाव लवकर कळू लागले. पुढे टेलिप्रिंटरवरून न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि मिटते भाव मुंबईत येत, आणि ज्यांनी आयुष्यात कापसाचे बोंड वेचले नव्हते ते त्या भावांवर पैसे लावत. व्यापारासाठी आलेल्या तंत्रज्ञानावर जुगार स्वार झाला होता. इथेही आकडा परका होता. न्यूयॉर्कचा भाव मुंबईचा बुकी ठरवू शकत नव्हता.

७/
१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे हे आकडे थांबले. पैसे लावणारे मात्र थांबले नाहीत; त्यांना नवा आकडा हवा होता. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकड्यांचा खेळ सुरू केला. तोच मटका. पत्त्यांच्या जोडातून तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांची आठवण म्हणून उरले. आमच्याकडे सट्टापट्टी म्हणतात ती याच घराण्यातली.

८/
इतिहासाच्या दृष्टीने मला हे वळण सर्वांत महत्त्वाचे वाटते. आकडा आता पावसाचा नव्हता, परदेशी बाजाराचाही नव्हता. खेळ चालवणाराच तो काढू लागला. मग लोकांनी विश्वास का ठेवावा? खत्री लोकांसमोर पत्ते काढत, असे सांगितले जाते. धंदा बेकायदेशीर होता, संसार उद्ध्वस्त करणारा होता, तरीही आकडा चारचौघांत काढून दाखवल्याविना तो चालत नव्हता. आपल्याकडच्या कोंबडबाजारातही हरलेला कोंबडा डोळ्यांसमोर पडतो. हरणाऱ्याला आपण कसे हरलो ते दिसते.

९/
या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती ‘कौशल्या’ची. १८८७च्या कायद्याचे कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळते. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर बंगळूरच्या एका नियतकालिकातील शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचा खटला आला. जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही, मात्र कौशल्यावर आधारलेल्या स्पर्धांची गोष्ट वेगळी, ही रेषा तेव्हा आखली गेली. १९६८ मध्ये न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पुढे मोबाइलवर पैशांचे खेळ चालविणाऱ्या कंपन्यांनी आपला सारा व्यवसाय या एका शब्दावर उभा केला.

१०/
पण १९६८च्या रमीत पत्ते पिसणारा माणूस पाटावर समोर बसलेला असे. ॲपमधील पत्ते कंपनीचा सर्व्हर पिसतो. कौशल्य की नशीब, यावर न्यायालयांत दीर्घ युक्तिवाद झाले. पत्ते कोण पिसतो हा प्रश्न मात्र बाजूला पडला. संगणक-सुरक्षेचा सामान्य माणसाच्या दृष्टीने गाभा हाच आहे. जे यंत्र मी उघडून पाहू शकत नाही त्यावर मी कशाच्या आधारे विश्वास ठेवावा, आणि त्या विश्वासाचा हिशेब कोणाला मागावा?

११/
आपल्या चर्चेत हा प्रश्न कसा हरवतो, याचे उत्तम उदाहरण पबजीचे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली. घरोघरी समाधानाचे उद्गार निघाले, “बरं झालं, पोरं अभ्यासाला लागतील.” प्रत्यक्षात ती कारवाई माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली झाली होती. कारणे होती देशाची सुरक्षा आणि नागरिकांची माहिती देशाबाहेरील सर्व्हरकडे जाण्याचा धोका. सरकार माहितीविषयी बोलत होते आणि आपण अभ्यासाविषयी. पुढच्याच वर्षी तो खेळ नव्या नावाने परतला, तेव्हा आपली माहिती आता कुठे साठते, असे माझ्या ओळखीत कोणीही विचारले नाही. मीही नाही. मी तो लगेच उतरवून घेतला.

१२/
जुलै २०२३ मध्ये ऑनलाइन जुगाराच्या एका प्रकरणाने गोंदियाचे नाव देशभर गेले. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने आपण ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली. नागपूर पोलिसांनी गोंदियातील संशयित बुकीच्या घरावर छापा घातला आणि कोट्यवधींची रोकड व किलोंच्या मापात सोने जप्त केले. खरेखोटे न्यायालय ठरवील. त्या दिवसांत शहरातील प्रत्येक पानटपरीवर चर्चा एकच होती, ५८ कोटी म्हणजे किती पोती नोटा! ॲपच्या पडद्यावर दिसणारी शिल्लक कोणाच्या हातात होती, यावर कोणी अडत नव्हते. फिर्यादीचा रोख मात्र नेमका तिथेच होता.

१३/
माझ्या भावाच्या ॲपची रचना आता सांगतो, कारण ती ओळखता यावी. ते अधिकृत ॲप-दुकानातून आलेले नव्हते. टेलिग्रामवरील एका गटातून फाइल आली होती. उतरवताना त्याने फोनमधील क्रमांक आणि संदेश वाचण्याची परवानगी घेतली. पहिल्या दिवशी ३०० रुपये जिंकू दिले आणि ते खरोखर खात्यात जमा केले. नंतर रक्कम वाढली, हार वाढली. शेवटी पडद्यावर मोठी शिल्लक दिसू लागली, पण ती काढण्यासाठी आधी ‘कर’ भरा असा निरोप आला. प्रत्येक वेळी पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो निराळा होता. ती बहुधा भाड्याने घेतलेली खाती असतात. या सगळ्यात खेळ असा नव्हताच. लाल आणि हिरवा, एवढे दोन रंग होते आणि कोणता येणार हे पलीकडचा माणूस ठरवत होता.

१४/
२२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या केंद्रीय कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असे वर्गीकरण आहे. पैशांच्या खेळांवरील बंदीसाठी कौशल्य-नशीब हा भेद ग्राह्य धरलेला नाही. शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नसून खेळ चालविणारे, जाहिरात करणारे आणि त्यांचे पैसे वळते करणारे यांच्यावर आहे. काकांचाच प्रश्न जणू कायद्याने उशिरा का होईना विचारला. तरी बंदीने आकडे संपत नाहीत, हे १९६१ नंतरच्या मुंबईने दाखवून दिलेले आहे.

१५/
भावाची मी माफी मागितली. पहिल्याच दिवशी “किती वाजता, कोणत्या खात्यावर” असे विचारायला हवे होते; मी त्याच्या चारित्र्याची चौकशी करत बसलो. तो म्हणाला, “भाऊ, मले तं सांगाचंच होतं. पण मोबाइल तुमच्या कपाटात होता अन् स्क्रीनशॉट त्यातच होते.” आता आम्ही दोघे रविवारी एखादा साधा, बिनपैशांचा खेळ खेळतो. काकू अजूनही नापसंतीने पाहते. तिचे डोळ्यांविषयीचे आणि झोपेविषयीचे मत चुकीचे नाही. ते एक वेगळे मत आहे, एवढेच तिला समजावण्याचा माझा प्रयत्न चालू आहे.

१६/
वाचकमित्रांना एक विनंती. आपल्या गावच्या जुन्या माणसांना विचारा, त्यांच्या वेळी पैजा कशावर लागत, आकडा कोण काढी, आणि फसवणूक झाल्यास दाद कोणाकडे मागत. लिहून ठेवा. अभिलेखागारांत पोलिसांच्या धाडी सापडतात, हरलेल्यांचे म्हणणे क्वचितच सापडते. आणि घरात असे काही घडले तर चर्चा नंतर करा. आधी १९३० ला फोन लावा.