पोस्टकार्डांनी घडवलेला कार्यक्रम : बिनाका गीतमाला आणि तिचे श्रोते #धागा

झुमरी तिलैया हे गाव खरोखर अस्तित्वात आहे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण रेडिओवर वाढलेल्या पिढीतील कित्येकांना ते निवेदकाने रचलेले गमतीचे नाव वाटे. आजच्या झारखंडमधील कोडरमा जिल्ह्यातले हे गाव अभ्रकाच्या खाणींवर उभे राहिले. देशभर ठाऊक झाले ते मात्र फर्माइशीच्या पोस्टकार्डांमुळे.

या पोस्टकार्डांची कथा सुरू होते १९५२ साली, दिल्लीत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर शास्त्रीय संगीताचे निस्सीम भक्त. हिंदी चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते आहे, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. चित्रपटगीतांवर निर्बंध आले, निर्मात्यांशी परवान्यांवरून वाद पेटला आणि आकाशवाणीवरून ही गाणी काही काळ जवळजवळ हद्दपार झाली.

श्रोत्यांनी निषेधसभा भरवल्या नाहीत. त्यांनी रेडिओची सुई फिरवली.

ती सुई थांबली रेडिओ सिलोनवर. या केंद्राचे लघुलहरींचे प्रक्षेपण भारतभर पोचत असे आणि तेथे जाहिरातींना मज्जाव नव्हता. ३ डिसेंबर १९५२ रोजी एका टूथपेस्टच्या प्रायोजकत्वाखाली ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. निवेदक होता विशीच्या उंबरठ्यावरचा अमीन सयानी.

प्रारंभी हा कार्यक्रम म्हणजे एक साधी स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी ती कालक्रमाने लावायची, बक्षीस १०० रुपये. सयानी पुढे मुलाखतींत सांगत, की पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली आणि हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत चढला. एवढी उत्तरे तपासणे केवळ अशक्य. म्हणून स्पर्धा बंद झाली आणि १९५४ पासून लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी वाजवण्याची पद्धत आली. म्हणजे ज्या स्वरूपात गीतमाला अजरामर झाली, ते स्वरूप कोणा कल्पक निर्मात्याला आधी सुचलेले नव्हते. पत्रांच्या ढिगाऱ्याने ते लादले. इतिहासात अशा अपघातांना आपण फारच कमी श्रेय देतो!

आता प्रश्न उभा राहिला : क्रम ठरवायचा कोणी? पहिला निकष होता दुकानांतील तबकड्यांची विक्री. पण त्यात एक मोठी खोट होती. एखाद्या गाण्याच्या सर्व तबकड्या खपून दुकान रिकामे झाले, की विक्रीचा आकडा शून्यावर येई. सर्वाधिक मागणीचे गाणेच यादीतून घसरे. ही खोट भरून काढण्यासाठी श्रोतासंघांची मते विचारात घेतली जाऊ लागली. गावोगावी असे संघ होते. सभासद एकत्र बसत, वाद घालत, आपली यादी ठरवत आणि टपालात टाकत. ठरावीक आठवडे टिकलेले गाणे बिगुलाच्या गजरात ‘सरताज गीत’ म्हणून निवृत्त होई.

झुमरी तिलैयाचे वेड याच काळातले, जरी तिथल्या पत्रांचा पाऊस फर्माइशीच्या इतर कार्यक्रमांवरही पडत असे. कोणाची पत्रे अधिक, यावरून गावात चुरस होती. प्रतिस्पर्ध्याची पत्रे टपालातच अडवण्यासाठी लाच दिली जाई, अशीही आख्यायिका आहे; ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण खाणींच्या त्या गावातील माणूस गाण्यासाठी पत्र लिहीत होता, असे म्हणणे अपुरे ठरेल. गाणे तर त्याने शंभरदा ऐकलेले असे. त्याला ऐकायचे होते स्वतःचे नाव, आपल्या गावाच्या नावासह, समुद्रापलीकडून आलेल्या आवाजात. अमीन सयानी ‘बहनों और भाइयों’ म्हणत तेव्हा त्या संबोधनात आपण आहोत, याचा पुरावा त्या पोस्टकार्डाला मिळे.

हे सारे निर्मळ लोकशाहीचे चित्र होते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. कार्यक्रमाचे पैसे टूथपेस्टच्या विक्रीतून येत होते आणि यादीत वर असण्यात तबकड्या विकणाऱ्यांचा व चित्रपट काढणाऱ्यांचा उघड स्वार्थ होता. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता, त्यांची आवड यादीत किती उमटली असेल? तरीही अभिरुचीचा निवाडा मंत्रालयात होणार की पोस्टाच्या पेटीत, या झगड्यात पेटीचे पारडे जड ठरले.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि चित्रपटगीते सन्मानाने परतली. मंत्रिपदी तेव्हाही केसकरच होते. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे विविध भारतीवर जाहिरातीही वाजू लागल्या. गीतमाला मात्र आणखी दोन दशके सिलोनवरच राहिली आणि १९८९ मध्ये विविध भारतीवर आली. तोवर घरोघरी दूरचित्रवाणी आणि कॅसेटी पोचल्या होत्या आणि आवडते गाणे ऐकण्यासाठी पोस्टकार्ड लिहिण्याची गरज उरली नव्हती.